यंत्राची किल्ली



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसावे, ऐकावे, शंका विचाराव्यात, अशी चाल आपल्याकडे पडली आहे. अशा मांडवांतून मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते मिलिंग यंत्रासमोर आणि युनियनच्या कचेरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. आणखी एक खोड आधीच सांगून टाकतो. तीस वर्षे मागणीपत्रे लिहून 'मी' हा शब्द आमच्या तोंडी राहिलेला नाही. आज 'आम्ही' म्हणू त्यात कधी हा एकटा माणूस असेल, तर कधी भोसरीच्या एका शेडमधली सात माणसे असतील. चूक कबूल करायची वेळ येईल तेव्हा मात्र ती कोणाची, हे स्पष्ट सांगू.

पत्रिकेत विषय छापला आहे तो 'हाताच्या मिलिंग यंत्रापासून घरगुती सीएनसी'. आताच दारात एका गृहस्थांनी विचारले, घरी पापड लाटावेत तसे यंत्र लाटता येते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तासाभरात देण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला टेकवायचे असते. मिलिंगवर उलट. तेथे हत्यार, म्हणजे कटर, फिरतो आणि जॉब टेबलावर आवळून त्याच्याखालून सरकवायचा असतो. टेबल तीन चालींनी हलते. डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली. प्रत्येक चालीला एक हातचाक असते आणि चाकाच्या कड्यावर शतांश मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असतात. मिलर म्हणजे ही तीन चाके एकाच वेळी मनात धरणारा माणूस. सीएनसी यंत्रात हीच तीन चाके मोटारी फिरवितात आणि किती फिरवायची ते आकडे संगणक सांगतो. एवढाच फरक. पण ह्या 'एवढाच' शब्दाखाली किती माणसे दबून गेली, तोच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

ही कल्पना निघाली कोठून? अमेरिकेत मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार होते. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती त्यांच्याकडे बनत. पात्याची वक्ररेषा नेमकी कापणे हे मोठे अवघड काम. पार्सन्स आणि त्यांचे अभियंते फ्रँक स्ट्युलेन ह्यांनी वक्ररेषेवरील बिंदूंचे आकडे आधी गणिताने काढून त्यांचा तक्ता केला. मग मिलिंग यंत्रावर तीन माणसे उभी केली. एकाने तक्त्यातला आकडा मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने एका चाकावर आणि तिसऱ्याने दुसऱ्या चाकावर आपापला आकडा लावायचा. मग कटर खाली उतरवून तेवढा बिंदू कापायचा. पुन्हा पुढचा आकडा. पुढे अमेरिकन हवाई दलाने पैसा दिला, एमआयटी ह्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतले आणि १९५२ साली आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र तेथे लोकांना दाखविण्यात आले. भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून त्याला आकडे दिले जात. पट्टीच्या जागी संगणक आला तो नंतर, आणि 'एनसी'च्या आधी 'सी' लागला तोही तेव्हाच.

ह्या हकिगतीतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, १९५२ चे ते यंत्र मुळापासून नवे घडविलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे बाजारात मिळणारे मिलिंग यंत्र घेऊन त्यात फेरफार केले होते. म्हणजे जुन्या यंत्राला आकड्यांवर चालविण्याची आमची भोसरीची खटपट ही त्याच घराण्यातली म्हणायला हरकत नाही. दुसरी, त्या यंत्राच्या पोटात तीन कामगार आहेत. एक वाचणारा, दोन चाके फिरविणारे. यंत्राने त्यांचे काम उचलले. मग ती माणसे गेली कोठे, हा प्रश्न युनियनवाल्याने विचारला नाही तर कोणी विचारायचा?

आता आमची गोष्ट. पिंपरीत १९५० च्या दशकात पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्वारी-बाजरीच्या शिवारांत मोटारींचे, स्कूटरींचे आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. अशाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात आम्ही १९८९ साली शिकाऊ म्हणून लागलो. ज्यांच्या हाताखाली लागलो ते मिलर आज मागच्या रांगेत बसले आहेत. 'माझे नाव घेतलेस तर उठून जाईन,' अशी त्यांनी ताकीद दिली आहे. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आम्हीही तसेच म्हणू. त्यांनी पहिल्या दिवशी हातात चाक दिले नाही. म्हणाले, 'आधी आवाज ऐकायला शीक. कटर गात असला तर चालू दे, रडायला लागला तर थांब.' आठ दिवस आम्ही नुसते उभे राहून ऐकत होतो.

१९९४ साली आमच्या खात्यात पहिली दोन सीएनसी यंत्रे आली. त्याच वर्षी त्रैवार्षिक कराराची बोलणी चालू होती. आम्ही पंचविशीत होतो आणि कमिटीवर नुकतेच निवडून आलो होतो. नव्या यंत्रावर काम करणाऱ्याला दरमहा दीडशे रुपये यंत्रभत्ता मिळावा, ही मागणी आम्ही लावून धरली आणि ती मिळविली. गेटवर गुलाल उधळला. त्या करारावर खालून तिसरी सही आमची आहे. त्यात भत्त्याचे कलम आहे, बोनसचे आहे, कँटीनच्या चहाचेसुद्धा आहे. पण प्रोग्रॅम लिहायला कामगारांना शिकवावे, असे एकही कलम त्यात नाही. आम्ही मागितलेच नाही. व्यवस्थापनाने नाकारले असते तर भांडता तरी आले असते. न मागितलेल्या गोष्टीसाठी कोणाशी भांडणार?

त्या यंत्रांच्या कंट्रोलवर एक लहानशी किल्ली असते. किल्ली एका बाजूला असली म्हणजे प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करता येते. दुसऱ्या बाजूला फिरवून काढून घेतली म्हणजे प्रोग्रॅम नुसता वाचता येतो, त्यातला एक आकडाही बदलता येत नाही. ती किल्ली सुपरवायझरच्या खिशात राहिली. काचेच्या खोलीत बसून दोन तरुण पदविकाधारक प्रोग्रॅम लिहीत आणि पंधरा-वीस वर्षे मिलिंग केलेली माणसे जॉब बांधून हिरवे बटन दाबीत.

एके दिवशी मिस्त्रींच्या यंत्रावर एका कोपऱ्यात कटर रडू लागला. कोपऱ्यात कटरला तीन बाजूंनी धातू लागतो, तेथे चाल कमी करावी लागते. हे मिस्त्रींना झोपेतही कळत होते, पण प्रोग्रॅमला कळत नव्हते. त्यांनी चिठ्ठी लिहून पाठविली. उत्तर दोन दिवसांनी आले. तोवर दोन कटर तुटले आणि ते मिस्त्रींच्या नावावर मांडले गेले. ते युनियनच्या कचेरीत आले. आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, 'मिस्त्री, भत्ता वेळेवर मिळतोय ना? मग त्या आकड्यांशी तुम्हांला काय करायचंय?'

मिस्त्री जाता जाता एवढेच म्हणाले, 'भत्त्यानं घर चालतं रे. हात कशानं चालायचा?'

ही चूक आमची. व्यवस्थापनाची नव्हे, सरकारची नव्हे, जागतिकीकरणाचीही नव्हे. सात वर्षांनी, २००१ साली, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ती कोणाच्या स्वेच्छेने येते हे ह्या भागात सांगण्याची गरज नाही. यादीत सगळ्यांत वर हातचाकाचे मिलर होते, कारण प्रोग्रॅम येत नसलेला मिलर आता कोणालाही हमालाइतकाच वाटत होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी मिस्त्री घरी बसले. पुढे चाकणकडे मोठाले कारखाने आले, त्यांतल्या एकाच्या दारावर ते रखवालदार म्हणून लागले. एकदा नवी कोरी मिलिंग यंत्रे घेऊन ट्रक आत गेला. ट्रकचा नंबर, आत जाण्याची वेळ आणि मालाचे वर्णन मिस्त्रींनी आपल्या हाताने वहीत लिहिले. हे त्यांनी आम्हांला सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

येथून गोष्ट पाबळकडे वळते. चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचे पाण्याचे दुर्भिक्ष असलेले गाव आहे. मुंबईतील बड्या कंपनीच्या संशोधन केंद्रातले काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचे, हे त्यांचे सूत्र. लोखंडकाम, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, सारे एकाच मुलाने शिकायचे. २००२ साली एमआयटीतले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड ह्यांच्या साहाय्याने तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर चालणारी कापण्याची, कोरण्याची लहान यंत्रे कोणत्याही माणसाला वापरता यावीत अशी ती प्रयोगशाळा. अमेरिकेबाहेर निघालेल्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते. डॉ. कलबाग २००३ साली वारले, काम पुढे चालू राहिले. पाहा कसा योग आहे! १९५२ चे यंत्र जेथे जन्मले तेथलीच विद्या पन्नास वर्षांनी पाबळच्या माळावर आली आणि चाकणच्या कारखानदारीतल्या आम्हां लोकांना तिचा पत्ता नव्हता.

२०१६ साली एका शिबिरानिमित्त आम्ही मिस्त्रींना घेऊन पाबळला गेलो. एक पोरगा यंत्राचे झाकण उघडून आतली वायर सोडवीत बसला होता. मिस्त्री बराच वेळ पाहत राहिले, मग आमच्या कानाशी म्हणाले, 'हितं किल्ली कुठाय?' किल्ली नव्हतीच. परतताना एसटीत ते म्हणाले, 'एक मिलिंग मिळव. बाकी बघू.'

आम्ही सात जण जमलो. मिस्त्री, दोन निवृत्त फिटर, एक वायरमन, आयटीआयची दोन मुले आणि पदविका झालेली एक मुलगी. हा नोकर माणूस आठवा धरला तर चहा आणण्यापुरता. भोसरीतल्या एका लघुउद्योजक मित्राने शेडचा कोपरा दिला. चिखलीजवळच्या कुदळवाडीत तेव्हा भंगाराचा मोठा बाजार होता. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्या, पण त्या वेळी तेथे सुईपासून बॉयलरपर्यंत काहीही मिळे. तेथून एक जुने उभे मिलिंग यंत्र आम्ही पंच्याऐंशी हजारांना उचलले. त्याचा रंग गेला होता, पण बीड चांगले होते. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जशी बैल घेताना मारतात तशी.

आता कामाची रीत सांगतो, कारण कोणाला करावेसे वाटले तर ती उपयोगी पडेल. पहिली गोष्ट अशी, की यंत्र खोलण्यापूर्वी त्याला लागणारे सगळे नवे भाग त्याच यंत्रावर हाताने करून घ्यावेत. मोटारीचे ब्रॅकेट, स्क्रूच्या टोकांच्या बेअरिंगची घरे, नटाचा ठोकळा. एकदा त्याचे स्क्रू काढले की ते यंत्र आंधळे आणि लुळे. आम्ही उत्साहाच्या भरात आडव्या चालीचा स्क्रू आधीच काढला आणि एक ब्रॅकेट करायचे राहिले असल्याचे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. मग ते घेऊन दोन आठवडे दुसऱ्यांच्या दारी फिरलो.

दुसरी गोष्ट स्क्रूची. हाताच्या मिलिंगचा स्क्रू साध्या आट्यांचा असतो. आटे आणि नट ह्यांत थोडी मोकळीक असावीच लागते, आणि झिजेने ती वाढते. चाक उलटे फिरविले म्हणजे टेबल हलण्याआधी चाक थोडे रिकामे फिरते. हा रिकामा फेर मिलरला माहीत असतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो आणि चूक अंगावर येऊ देत नाही. मोटारीला ही समजूत नसते. म्हणून तेथे बॉलस्क्रू घालावा लागतो. त्यात आटे आणि नट ह्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या धावतात आणि मोकळीक जवळजवळ उरत नाही.

तिसरी मोटारीची. आम्ही स्टेपर मोटारी वापरल्या. ही मोटार एका फेऱ्यात दोनशे पावले टाकते. तिला वीज देणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे दहा भाग करतो, म्हणजे फेऱ्याला दोन हजार भाग झाले. स्क्रू एका फेऱ्यात टेबल पाच मिलिमीटर सरकवितो. पाचाला दोन हजारांनी भागा. अडीच मायक्रॉन! मुलांनी हे गणित फळ्यावर लिहिले आणि नाचू लागली. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मिस्त्रींनी शांतपणे विचारले, 'हे अडीच कागदावरचे का जॉबवरचे?'

चौथी गोष्ट संगणकाची. जुना संगणक भंगारातलाच घेतला. त्यावर यंत्र चालविणारा प्रोग्रॅम आम्हांला फुकट मिळाला. अमेरिकेच्या सरकारी मानकसंस्थेने १९९० च्या दशकात तो लिहिण्यास आरंभ केला, सरकारी पैशाने झालेला म्हणून तो सर्वांस खुला राहिला आणि पुढे देशोदेशीच्या जाणकारांनी बिनपगारी खपून तो वाढविला. त्याला आज लिनक्ससीएनसी म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या कंट्रोलची किंमत लाखांत जाते. येथे आम्हांला खर्चावा लागला तो मेंदू. पदविकेच्या त्या मुलीने तीन महिने मिस्त्रींना प्रोग्रॅमची भाषा शिकविली. ती काही संस्कृत नव्हे. जी शून्य म्हणजे झपाट्याने जा, जी एक म्हणजे कापत सरळ जा, जी दोन म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल जा. मिस्त्री म्हणाले, 'अगं पोरी, हे तर मी आयुष्यभर करत आलोय. मला फक्त ह्याचं नाव ठाऊक नव्हतं.' मुलगी म्हणाली, 'काका, मला नावं ठाऊक होती, पण कापताना कुठं थांबायचं ते नव्हतं.' कारखान्यात ही दोघे काचेच्या दोन बाजूंना असती. आमच्या शेडला काच नव्हती.

एक अट आम्ही युनियनवाल्याच्या हट्टाने घातली. पहिली मोटार फिरण्याआधी लाल बटन बसले पाहिजे आणि प्रत्येक चालीच्या दोन्ही टोकांना थांबविणारे स्विच बसले पाहिजेत. ह्या पट्ट्यात तुटलेली बोटे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. मोटारीला माया नसते.

ह्या साऱ्या खटाटोपात खरा वेळ खाल्ला तो एका जुन्या कामाने, ज्याचे नाव स्क्रेपिंग. टेबल ज्या पट्ट्यांवर सरकते त्या मध्यभागी जास्त झिजतात, कारण बहुतेक काम मध्यावरच होते. त्या पुन्हा सपाट कशा करायच्या? सपाटपणा मापायला सपाट पाटी लागते आणि ती पाटी करायला आधीची सपाट पाटी. मग जगातली पहिली पाटी कशी झाली? इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्या कारागिराने १८४० साली विद्वानांच्या सभेत ह्याची रीत मांडली. दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या तंतोतंत जुळतात, म्हणजे फसवतात. तीन पाट्या घ्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी जुळवा. निळा रंग लावून जेथे उंचवटा दिसेल तेथे हाताने खरवडा. तिघी एकमेकींशी जुळल्या तर त्या सपाटच असल्या पाहिजेत, दुसरी वाटच नाही. आम्हांला ही गोष्ट फार आवडते. एकमेकांना तपासून तिघे सरळ होतात. कमिटीच्या बैठकीत आम्ही ती पुष्कळदा सांगितली आहे.

मिस्त्री आणि दोन फिटर ह्यांनी जुन्या तयार पाटीवर निळा रंग लावून दोन महिने खरवडकाम केले. डाव्या तळव्याला घट्टे पडले. मग मुलांनी मोटारी जोडल्या आणि आम्ही शंभर मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कापून पाहिले.

वर्तुळ ही यंत्राची खरी परीक्षा. त्यात दोन्ही चालींना सतत वेग बदलून चालावे लागते आणि चार ठिकाणी एकेका चालीला उलटे फिरावे लागते. आमच्या पहिल्या वर्तुळाला त्या चार ठिकाणी बारीक पायऱ्या होत्या. मुले म्हणाली, बॉलस्क्रू खोटा निघाला. मिस्त्रींनी स्क्रूच्या टोकाला बोट लावले, टेबल दुसऱ्याला ढकलायला लावले आणि म्हणाले, 'स्क्रू नाही, बेअरिंग हलतंय.' नट आवळला, पायऱ्या गेल्या. मग तिरके व्यास मापले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा आठ शतांशांनी मोठा! ह्याचा अर्थ दोन चाली एकमेकींशी काटकोनात नव्हत्या. शंभर मिलिमीटरला आठ शतांशांचा तिरकेपणा. संगणकात आकडा घालून ही चूक झाकता येते, असे मुलांनी सुचविले. मिस्त्रींनी मानले नाही. पुन्हा टेबल उतरविले, पुन्हा निळा रंग, पुन्हा तीन आठवडे खरवडणे. शेवटी फरक दोन शतांशांवर आला. कागदावरच्या अडीच मायक्रॉनचे जॉबवर वीस मायक्रॉन झाले होते आणि आम्ही तेवढ्यावर पेढे वाटले.

खर्च म्हणाल तर यंत्र धरून पावणेतीन लाखांच्या आत. वेळ चौदा महिन्यांचे रविवार आणि सुट्ट्या. आमच्या यंत्राला कटर आपोआप बदलत नाही, ते सावकाश चालते, आणि हजार नगांची ऑर्डर घेऊन कोणी आले तर हात जोडावे लागतात. चाकणच्या कारखान्यांशी त्याची तुलना करू नये.

त्यावर पहिला कामाचा जॉब झाला तो कडबाकुट्टीचा. खेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे जुने यंत्र पात्याची बैठक मोडल्याने बंद पडले होते आणि तो भाग कोठे मिळत नव्हता. बैठकीला वक्र आकार होता. मुलीने मोडक्या तुकड्यावरून आकडे काढले, मिस्त्रींनी प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी चाल कमी केली आणि भाग झाला. तेव्हा आम्हांला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईच्या तांत्रिक शाळेतली नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि प्रारंभी जी यंत्रे बनविली त्यांत कडबा कापायचे यंत्र होते. नांगर आला, १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, ते सारे पुढचे. आपल्या मुलखातली कारखानदारी अशी बाहेरच्या यंत्राकडे पाहून 'हे आपल्याला करता येईल' म्हणणाऱ्या माणसांपासून सुरू झालेली आहे.

कोणी म्हणेल, ही निवृत्त माणसांची हौस झाली, चळवळीचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. डेव्हिड नोबल नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९८४ साली एक ग्रंथ लिहिला. तो आम्ही शब्दकोश घेऊन सात महिन्यांत वाचला. त्यात तो सांगतो, की आकड्यांच्या यंत्राबरोबरच दुसरी एक वाट तेव्हा निघाली होती. कुशल कामगाराने जॉब एकदा हाताने करायचा, त्याच्या हालचाली फितीवर उमटवून घ्यायच्या आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून करायचे. त्या रीतीत प्रोग्रॅम लिहिणारा कामगारच राहिला असता. ती वाट मागे पडली, आणि खात्यावरचा ताबा कामगाराच्या हातून काढून घेण्याची व्यवस्थापनाची इच्छा हे त्याचे एक मोठे कारण होते, असे नोबलचे म्हणणे. विमानाचे कित्येक आकार हाताने करताच येत नव्हते, हेही तितकेच खरे, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. पण त्यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो. किल्ली खिशात ठेवावी, असे यंत्र कोणाला सांगत नाही. ते माणसे ठरवितात, आणि माणसांनी ठरविलेल्या गोष्टीची बोलणी करता येतात.

हातचाकाचे गोडवे गाण्यास आम्ही येथे उभे नाही. हातचाकाने खांदे जातात, कूलंटने हातांना चट्टे पडतात, कंटाळ्याने माणूस चुकतो. ते दिवस परत यावेत, असे जो म्हणतो त्याने आठ तास चाक फिरविलेले नसते. यंत्राने ओझे जरूर उचलावे. परंतु आज ह्या पट्ट्यात शिकाऊ आणि कंत्राटी पोरे वर्ष-दीड वर्ष बटन दाबून बाहेर पडतात, त्यांना कटरचा आवाजही ओळखता येत नाही आणि प्रोग्रॅमही वाचता येत नाही. मिस्त्रींना निदान एक विद्या होती. ह्या पोरांना जुनी मिळाली नाही आणि नवी कोणी दिली नाही. त्यांच्या चाळिशीत त्यांनी कोणत्या दारावर वही लिहायची?

म्हणून आमच्या मागण्या आता तीन आहेत. यंत्र चालविणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, प्रोग्रॅम वाचायला आणि दुरुस्त करायला कामाच्या वेळेत शिकवावे. प्रत्येक पाळीत किल्ली एका अनुभवी कामगाराकडे असावी, आणि त्याने काय बदलले ते त्याने वहीत लिहून सही करावी. जबाबदारी नको आणि अधिकार हवा, असे आम्ही म्हणत नाही. आणि तिसरी मागणी आमच्या आमच्याकडेच आहे. प्रत्येक युनियनने वर्गणीतून एक शेड चालवावी, जेथे कामगार आणि त्याची मुले यंत्र उघडून पाहू शकतील. ज्याने यंत्र एकदा स्वतः जोडले त्याला त्याची भीती घालता येत नाही.

गेल्या करारात एका लहानशा कारखान्यात पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. भत्ता थोडा कमी घ्यावा लागला. सभेत त्यावरून आमच्यावर बरीच टीका झाली, ती आम्ही ऐकून घेतली. शिकवायला कोणाला बोलवायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही मिस्त्री आणि त्या मुलीची नावे दिली. पहिल्या दिवशी आम्ही दोघांना दारापर्यंत पोहोचवायला गेलो. रखवालदाराने वही पुढे केली. मिस्त्रींनी नाव लिहिले, वेळ लिहिली. 'कामाचे स्वरूप' ह्या रकान्यापाशी त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी लिहिले, 'मिलिंग शिकविणे', आणि आत गेले.

एवंच, दारात ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला त्यांना आमचे उत्तर असे. होय, घरी यंत्र करता येते, पण पापडाप्रमाणेच एकट्याने नव्हे. भोसरीची आमची शेड दर रविवारी सकाळी नऊला उघडते. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे, हात काळे होतील अशा कपड्यांत यावे. खंडेनवमीला आला तर यंत्राला हार घातलेला असेल आणि पेढाही मिळेल.